गॅलपच्या दुकानातले नावाहो कडे

अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतील गॅलप हे नावाहो या आदिवासी समाजाच्या प्रदेशाला लागून असलेले गाव. दागिने गहाण ठेवून घेणारी आणि न सोडवलेले दागिने विकणारी दुकाने तिथे अजूनही चालतात. अशाच एका दुकानातून मी चांदीचे जुने कडे घेतले. घेण्याआधी दुकानदाराने पाऊण तास ते मला हाताळू दिले, भिंगाखाली पाहू दिले, हे प्रथम नोंदवतो.

कड्याला खडा नाही. अशा दागिन्याची पारख आतल्या अंगाने करावी. जुने नावाहो कारागीर अमेरिकी किंवा मेक्सिकन चांदीची नाणी वितळवून लगड ओतत आणि ती पुन्हा पुन्हा तापवून ऐरणीवर ठोकत. त्यामुळे आतल्या बाजूला हातोडीचे उथळ खळगे राहतात आणि काठाशी धातूची घडी दबल्याची बारीक रेघही कधी कधी दिसते. या कड्यावर दोन्ही खुणा आहेत. बाहेरच्या अर्धचंद्राकृती ठशांची ओळ मध्यभागी केसभर सरकली आहे, कारण प्रत्येक ठसा स्वतंत्र घावाने उठवलेला आहे. हे ठसेही कारागीर जुन्या कानशी आणि छिन्न्यांच्या पोलादातून स्वतः घडवत. मला ती चूक फार मोलाची वाटते. अत्सिदी सानी हा नावाहोंमधला पहिला ज्ञात धातुकारागीर एका मेक्सिकन लोहाराकडे काम शिकला होता, आणि अमेरिकी लष्कराच्या बॉस्क रेडोंडो छावणीतील बंदिवासातून १८६८ मध्ये परतलेल्या या समाजाने त्यानंतरच्या काही दशकांत चांदीकाम एवढ्या उंचीला नेले.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. शेजारच्या कपाटातील कोंचो पट्ट्यावर, म्हणजे चांदीच्या चकत्या ओवलेल्या चामडी कमरपट्ट्यावर, ‘१८७०च्या सुमाराचा’ अशी चिठ्ठी होती. त्या काळच्या चकत्यांच्या मधोमध चामडे ओवण्यासाठी उघडी खाच ठेवत, कारण डाक देण्याचे, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधा जोडण्याचे, तंत्र अजून हाती बसलेले नव्हते. या पट्ट्याच्या चकत्या मात्र मधून भरलेल्या होत्या आणि मागे तांब्याच्या कड्या डाक देऊन जोडलेल्या होत्या. मी हे दाखवल्यावर मालकांनी शांतपणे ऐकून घेतले, पण दुसऱ्या दिवशी कड्याची पावती घ्यायला गेलो तेव्हाही चिठ्ठी तीच होती.

पावतीवर मात्र त्यांनी ‘कारागीर अज्ञात, काळ अंदाजे’ असे स्पष्ट लिहून दिले. कड्याला उजळा दिला नव्हता, त्यामुळे ठशांच्या खोलगटीत साचलेला काळपटपणा आणि मनगटावर घासून आलेली झळाळी, दोन्ही जशीच्या तशी मिळाली.