शंभर मण्यांची माळ: दुसरीतल्या पोरीसाठी घेतली, कशी निघाली ते सांगतो

आमची पोरगी गावच्याच जिल्हा परिषद शाळेत दुसरीला आहे, आपल्या विदर्भात उन्हापायी शाळा उशिराच भरते पण भरल्यापासून गणितात एकक दशक सुरू झालंय आणि ही रोज एकवीस म्हटलं की १२ लिहून राहिली. दोनदा रागावलो, मग शाळेत जाऊन म्याडमला भेटलो. त्या म्हणे भाऊ, तिचं चुकत नाही, ती ऐकते तसंच लिहिते, आपण बोलताना आधी एक म्हणतो मग वीस आणि लिहिताना आधी दोन लिहायचा. मला हे आजवर सुचलंच नव्हतं! २०१९ मधे दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं आलं होतं तेव्हा केवढा गदारोळ झाला, मंगला नारळीकर त्या गणिताच्या समितीवर अध्यक्ष होत्या, मलाही तेव्हा ते पटलं नव्हतं. आता घरातच अडचण पाहिल्यावर कळलं का केलं असंल ते.

म्याडमनीच माळ घ्यायला सांगितली, वर्गात त्यांच्याकडे मोठी आहे. तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातून ८० रुपयाला आणली. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल असे शंभर मणी असतात. सदतीस दाखव म्हटलं की पोरगी तीन गड्डे सरकवते, वर सात सुटे मोजते आणि तिथं कपड्याचा चिमटा लावते, मग लिहिते ३७. आठ दिवसात उलटं लिहिणं जवळपास थांबलं, खरंच.

सगळ्यात भारी म्हणजे एकोणतीस. तीस वर चिमटा लावून एक मणी मागे घेतला आणि तिला सांगितलं की एकोण म्हणजे एक उणा, तर तिनं एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे धडाधड म्हणून दाखवले आणि विचारलं मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत. मी गप्पच. खरंय ना, तो एकच आकडा वेगळा चालतो.

आता माल कसा आहे ते. पहिली माळ घरी मोजली तर ९८ मणी, एका लाल गड्ड्यात आठच. दुकानदारानं बदलून दिली, कटकट केली नाही, पण घेताना तिथंच मोजून घ्या बाप्पा, लेकरू चुकीच्या माळेवर शिकलं तर सगळंच बिघडते. दोरी नायलॉनची, गाठ पंधरा दिवसात सुटली आणि मणी घरभर, मी आता जाड सुतळीत ओवून दोन्हीकडं डबल गाठ मारली. ओवताना चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर मणी सरकत नाहीत आणि मग काही उपयोग नाही. मणीही जरा बारीक आहेत, घरात रांगतं लेकरू असंल तर वर खुंटीवरच ठेवा.

एक गोष्ट या माळेनं जमत नाही, ती म्हणजे वजाबाकीत दशक सोडवणं. ४२ मधून १७ काढायचे तर एक दशक फोडून सुटे करा लागते, माळेतला गड्डा फोडता येत नाही. त्यासाठी मी तुराट्या बोटाएवढ्या तोडून दहा दहाच्या जुड्या रबरानं बांधल्या. रबर काढलं की दहा सुट्या काड्या समोर, पोरीला लगेच दिसलं की चार दशकांचे तीन झाले आणि दोनाचे बारा झाले. याला एक पैसा लागला नाही.

पाचपैकी चार देतो, एक दोरीचा कापला. पहिली दुसरीचं लेकरू असंल तर नक्की घ्या.

संध्याकाळी आजी पण माळ घेऊन बसते, ती दोन गड्डे एकदम धरते आणि विसानं मोजते, एक ईस, दोन ईस, पाच ईस झाले की शंभर. पोरगी आता तेही शिकून राहिली.