विमानतळांमधलं अंतर आणि वेळ सांगणारं ॲप: आठ महिने वापरल्यावर

जानेवारीत ताई लंडनला नर्सच्या नोकरीवर गेली, तेव्हा हे ॲप घेतलं. दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा अंदाजे वेळ येतो. गोव्यातल्या मोपा विमानतळापासून लंडनच्या हीथ्रोपर्यंत सुमारे 7560 किलोमीटर, साडेनऊ तास. मे महिन्यात आई तिच्याकडे जायची ठरली आणि मी तिच्या गोळ्यांच्या वेळा या साडेनऊ तासांवरच मांडायला बसले.

सुदैवाने तिकीट काढण्याआधी नीट पाहिलं. हा वेळ फक्त हवेतला, तोही थेट विमानाचा. अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून सर्वात जवळच्या वाटेने मोजलेलं असतं. नकाशावरची ती रेघ कराचीच्या जवळून, इराणवरून, काळ्या समुद्रावरून जाते. पण एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना पाकिस्तानचं आकाश बंद झालं. ॲपची रेघ मात्र तिथूनच जाते. ते वळसा धरत नाही आणि वाराही धरत नाही.

आईचं तिकीट दोहामार्गे होतं. टप्पे वेगवेगळे टाकून पाहिले: मोपा-दोहा सुमारे 2540, दोहा-हीथ्रो सुमारे 5240. बेरीज थेट अंतरापेक्षा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त! दिल्लीमार्गे तोच फरक सहाशेच्या वर जातो. उलटं वाटतं, पण दोहा लंडनच्या वाटेवरच आहे आणि दिल्लीला जायचं तर आधी उत्तरेला चढावं लागतं. ॲपचा खरा उपयोग मला इथे झाला.

तरी घर ते घर हिशेब वेगळाच. फोंड्याहून मोपा दीड तास, विमानतळावर तीन, दोहापर्यंत चार, तिथे साडेतीन तास थांबा, पुढे सात, मग इमिग्रेशन आणि ताईच्या घरापर्यंतची ट्रेन. एकवीस-बावीस तास. आईच्या गोळ्यांच्या डबीवर मी पांढरी पट्टी लावून प्रत्येक खणावर भारतातली वेळ लिहिली आणि तिच्या मनगटावरचं घड्याळ बदलू दिलं नाही. एकही गोळी चुकली नाही. परतताना दोहापर्यंतचा प्रवास सव्वासहा तासांचाच होता, कारण वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ॲप मात्र जाता-येता एकच वेळ दाखवतं.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे. परतीच्या प्रवासासाठी मी नुसतं 'गोवा' टाकलं आणि ॲपने न विचारता दाबोळी, म्हणजे गोव्याचा जुना विमानतळ, घेतलं. अंतर 7590 आलं. तीस किलोमीटरचा फरक माझ्या लक्षातच आला नाही. मामेभाऊ गाडी घेऊन दाबोळीला जाऊन उभा राहिला आणि आई मोपाला बाहेर आली. झुवारी पूल, पणजी, म्हापसा ओलांडून तो पोचेपर्यंत ती बॅगेवर हात ठेवून दोन तास बाकावर बसून होती. मोपा जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. आता तरी 'गोवा' लिहिल्यावर दोन्ही नावं समोर यायलाच हवीत.

स्थानिक वेळ मात्र अचूक दाखवतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडनचं घड्याळ पुढे गेलं, तेव्हा साडेपाच तासांचा फरक आपोआप साडेचार झाला. ताईची रात्रपाळी सकाळी आठला संपते, म्हणजे आमचे साडेबारा. आई त्याआधीच भात उतरवून फोन घेऊन बसते. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार मी आताच कॅलेंडरवर खुणावून ठेवलाय, त्यानंतर तिला दीडपर्यंत थांबावं लागेल.