आर्मी की एअरफोर्स?
रावेरकडे केळीचे ट्रक सुटायच्या आधीच पोरं डांबरीवर धावत असतात. बहुतेकांच्या डोक्यात आर्मीच. जनरल ड्यूटीला, म्हणजे साध्या शिपाई भरतीला, दहावी ४५ टक्क्यांनी पास चालते, पण उंची १६८ सेंटिमीटर हवी आणि १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढले तरच पूर्ण ६० गुण. माझा भाचा दोन सेंटिमीटरने राहिला. टाचा उचलून भागत नाही तिथं!

एअरफोर्सला उंची १५२ चालते, तेवढंच अंतर सात मिनिटांत. मात्र बारावीला ५० टक्के, इंग्रजीतही तेवढेच, आणि ऑनलाइन पेपर घाम काढतो. अग्निवीराची, म्हणजे या भरतीतल्या जवानाची, नोकरी चार वर्षं, पहिल्या वर्षी महिना ३०,००० हे दोन्हीकडे सारखंच. इंग्रजीला घाबरत नसशील तर, भाऊ, मी एअरफोर्सच म्हणेन.