एअर पिस्तुलाला कोणतं तेल? बाजारातल्या बाटल्यांची पारख

दुकानात ‘गन ऑईल’ मागितलं की जी बाटली हातात येते, ती बहुधा बारुदाच्या बंदुकीसाठी बनवलेली असते. काजळी सोडवणं आणि गंज रोखणं हे तिचं काम. एअर पिस्तुलात काजळी होतच नाही. तिथे सगळा खेळ दाबलेल्या हवेचा आणि ती अडवून धरणाऱ्या रबरी रिंगांचा. म्हणून हवेच्या वाटेवर सिलिकॉन, लोखंडावर लोखंड घासतं तिथे हलकं खनिज तेल आणि नळीत शक्यतो काहीच नाही, अशी वाटणी करूनच खरेदीला निघावं.

आधी सिलिकॉन. स्प्रिंगच्या पिस्तुलात पिस्टन सुटला की त्याच्यापुढची हवा क्षणात काही शे अंशांपर्यंत तापते. तिथे खनिज तेल असेल तर ते डिझेल इंजिनात पेटावं तसं पेटतं. आवाज मोठा येतो, नळीतून धूर निघतो, जळका वास येतो आणि छर्रा वर लागतो. ‘पिस्तुलाची ताकद वाढली’ म्हणून काही जण खूशही होतात! प्रत्यक्षात पिस्टनचा वॉशर करपत असतो आणि स्प्रिंगला नको तो धक्का बसत असतो. सिलिकॉन तेलाला पेट घ्यायला खनिज तेलापेक्षा बरंच जास्त तापमान लागतं, त्यामुळे हवेच्या कक्षेत गेलंच तर तेच जावं. तेही एक थेंब, आणि वॉशर कोरडा पडल्याची चिन्हं दिसली तरच. जुन्या किंवा स्वस्त पिस्तुलांतल्या चामड्याच्या वॉशरची गोष्ट वेगळी. तो सुकला की आकसतो आणि हवा सोडतो. त्याला चार-पाच थेंब देऊन पिस्तूल रात्रभर नळी वर करून उभं ठेवावं.

सर्वांत सोयीचं सिलिकॉन तेल म्हणजे ट्रेडमिलच्या पट्ट्याचं. लेबलवर ‘१०० टक्के सिलिकॉन’ असल्याची खात्री करा. चिकटपणा ३५० ते १००० सेंटिस्टोक असला की काम भागतं. मात्र गाडीच्या डॅशबोर्डसाठी मिळणारा सिलिकॉन स्प्रे घेऊ नका. त्यात पेट्रोलियम द्रावक असतात आणि डब्यातून फवारा बाहेर ढकलणारा वायूही बहुधा ज्वालाग्राही असतो. म्हणजे जे टाळायचं तेच आत फवारलं जातं.

स्पर्धेच्या पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो. तिथे पातळ तेलापेक्षा सिलिकॉन ग्रीस बरं. मोलिकोट १११ यासाठी उत्तम. नावावरून वाटतं तसं त्यात मॉलिब्डेनम नाही, ते ओ-रिंग आणि व्हॉल्व्हसाठीचंच सिलिकॉन आहे. सिलिंडर काढल्यावर रिंग आणि आटे धागे न सोडणाऱ्या फडक्याने पुसा. मोहरीएवढं ग्रीस बोटावर घेऊन रिंग फक्त चमकेल इतकंच लावा. बहुतेक रिंगा नायट्राईल रबराच्या असतात, त्यांना ते चालतं. रिंगच सिलिकॉन रबराची असेल तर ती फुगते. आणि हार्डवेअरवाल्याकडे ‘सिलिकॉन’ एवढंच म्हणाल तर तो खिडकीच्या फटी बुजवायचं सीलंट देईल, तेव्हा ‘ग्रीस’ हा शब्द ठासून सांगा.

पण सिलिकॉन धातूवर कच्चं. लोखंड लोखंडावर दाबून घासलं की त्याचा थर टिकत नाही. लिव्हरची पिन, नळी दुमडते तो सांधा, स्क्रूचे आटे यांना शिलाई मशीनचं तेल झकास. किरकोळ पैशांत मिळतं आणि पातळ असल्याने आत झिरपतं. सुईच्या टोकावर मावेल तेवढं लावून जास्तीचं पुसून टाकावं. स्प्रिंगच्या पिस्तुलात पिस्टनच्या मागच्या बाजूला मात्र मॉलिब्डेनमचं ग्रीस हवं, पातळ थरात.

डब्ल्यूडी-४० घरोघरी असतं म्हणून पिस्तुलावरही फवारलं जातं. पाणी हटवणं हे त्याचं मूळ काम. ओल्या पिस्तुलाच्या बाहेरच्या भागापुरतं ते ठीक, पण द्रावक उडून गेल्यावर उरणारा थर धूळ धरतो. बॅलिस्टॉल हे १९०४ पासूनचं जर्मन तेल. बाहेरून पुसायला ते उत्तम, घामातलं आम्ल मारतं. पण तेही खनिज तेलच, त्यामुळे हवेच्या कक्षेत नको. खोबरेल तर नकोच. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे पुण्याच्या थंडीत सकाळच्या सरावाला चाप जड.

चापाबद्दल जरा कडक राहावं. १० मीटर एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम वजन उचलावं लागतं. तिथे तेलात धूळ मिसळून चिकटा झाला की चाप नेमका सुटण्याचा बिंदू सरकतो आणि दोष हाताला दिला जातो. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलं नसेल तर चापाला तेल देऊच नका. मोरिनी सीएम १६२ ईआयसारख्या इलेक्ट्रॉनिक चापाजवळ तर स्प्रे नेऊही नये.

नळीत तेल राहिलं की पहिले काही शॉट भरकटतात. पीसीपीमध्ये दोन-तीन कोरडे फेल्ट छर्रे (दाबलेल्या लोकरीच्या गोळ्या) एकामागे एक ठेवून झाडले की नळी साफ होते. स्प्रिंगच्या पिस्तुलात फेल्ट झाडू नये. इतक्या हलक्या छर्र्यामागे हवेची उशी तयार होत नाही आणि पिस्टन पुढे आदळतो. तिथे ब्रीचच्या, म्हणजे छर्रा भरायच्या बाजूने दोरीने चिंधी ओढावी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात नळीला आतून तेलाचा पुसट हात मारून ठेवायचा असेल तर सरावाआधी तो कोरड्या चिंधीने काढा. शिवाय जुलैत पिस्तूल फोमच्या पेटीत महिनाभर बंद ठेवू नका. फोम ओल धरतो, आणि मग कितीही महागडं तेल लावलं तरी फोम टेकतो तिथे गंजाचे ठिपके येतात.