गोदाम कुठे टाकावं: जेबेल अली की सोहार?

आखातात गोदाम टाकायचं म्हटलं की परदेशी मालकी, करसवलत आणि फ्री झोनचं (सवलतींच्या खास व्यापारक्षेत्राचं) लायसन्स यावरच चर्चा रंगते. ते जेबेल अली (दुबईचं बंदर) आणि सोहार (ओमानचं बंदर) दोन्हीकडे थोड्याफार फरकाने मिळतं. माल कुठून येणार आणि कुणाकडे जाणार, ते आधी बघा.

नकाशावर ओमान सरस. सोहार होर्मुझच्या सामुद्रधुनीबाहेर, त्यामुळे न्हावा शेव्याहून निघालेल्या जहाजाला तिच्यात शिरावंच लागत नाही. बंदरात रॉटरडॅमची भागीदारी आहे, मस्कतची कंटेनर वाहतूक 2014 मध्ये इथेच हलवली. 2021 च्या अखेरीस रुब अल खालीच्या वाळवंटातून सौदीला थेट रस्ताही झाला. गोदामाचं भाडं मला तरी दुबईपेक्षा बरंच हलकं पडलं. (होर्मुझबाहेर म्हणजे निर्धास्त, असं मात्र नाही. 2019 मध्ये जहाजांवर हल्ले झाले ते फुजैराजवळ आणि ओमानच्या आखातात, बाहेरच्याच बाजूला.)

आमचा धंदा पंपाच्या सुट्या भागांचा, माल कोल्हापूरचा. दोन्हीकडे गोदाम चालवून पाहिलं. गिऱ्हाइकं बहुतेक दुबई-शारजातली. सोहारहून रस्ता चांगला, अंतरही फार नाही, पण मध्ये सीमा. एकाच ट्रकमध्ये इम्पेलर, गास्केट, बेअरिंग, शाफ्ट, प्रत्येकाचा एचएस कोड (कस्टम्ससाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक) निराळा. एका वस्तूचा कागद अडला की अख्खा ट्रक उभा.

तेही चाललं असतं. खरी गोम सुट्ट्यांची. ओमानची सुट्टी शुक्रवार-शनिवार. अमिरातीने 2022 पासून शनिवार-रविवार धरला, शुक्रवारी अर्धा दिवस. शारजात तर सरकारी कचेऱ्या शुक्रवारपासून तीन दिवस बंद. सीमेवर कुणी ना कुणी असतंच, पण कागदातल्या चुकीच्या दुरुस्तीचं पत्र देणारा, बँकेतला, गिऱ्हाइकाचा अकाउंटंट हे सगळे एकाच वेळी जागेवर सापडायचे ते सोमवार ते गुरुवार. गुरुवारी दुपारी अडकलेला कागद आमच्याकडे सोमवारी सुटायचा. इमारतीचा पंप बंद पडलेला माणूस सोमवारपर्यंत थांबत नाही. तो दुबईच्या देऱ्यातल्या दुकानातून मिळेल तो इम्पेलर उचलतो आणि पुढच्या वेळीही तिथेच जातो.

जेबेल अलीत भाडं टोचतं, ठरावीक वेळी काही रस्त्यांवर ट्रकला बंदी असते, तो ताप वेगळा. पण गिऱ्हाईक आणि कागद एकाच देशात. शिवाय समुद्रातून आलेला माल बंदराजवळच्या अल मक्तूम विमानतळावरून कस्टम्सच्या बाँडमध्येच, म्हणजे आयातशुल्क न भरता, पुढे पाठवता येतो. नैरोबीची तातडीची ऑर्डर आली की याची किंमत कळते.

तुम्ही एकाच प्रकारचा माल कंटेनर भरभरून पाठवत असाल, किंवा गिऱ्हाईक सौदीत असेल, तर माझं ऐकू नका, सोहारच घ्या. जिंदालचा पोलाद कारखाना तिथे उगाच नाही. सोहार-अबुधाबी रेल्वेचं कामही सुरू आहे, ती धावू लागली की कंटेनरवाल्यांचं गणित आणखी सुधारेल. पेटी-दोन पेट्यांच्या ऑर्डरी असतील आणि बिलं दुबई-शारजात फाटत असतील, तर भाडं जास्त पडलं तरी मी जेबेल अलीच म्हणेन.