शिडाच्या बोटीवरची इलेक्ट्रॉनिक्स आणि पक्ष्यांचा बंदोबस्त: एका हंगामाच्या वापरानंतर

बोट 26 फुटी, फायबरची, मुंबई बंदरात मूरिंगवर (तळाला पक्क्या बांधलेल्या बोयाला अडकवून) ऑक्टोबर ते मे अशी आठ महिने पाण्यात. बसवलेलं सामान: चार्टप्लॉटर (पडद्यावर नकाशा आणि बोटीची जागा दाखवणारा), खोली मोजणारा साउंडर, वेगाचा सेन्सर, डोलकाठीच्या टोकावर वाऱ्याचं यंत्र आणि व्हीएचएफचा (बोटीवरच्या रेडिओचा) अँटेना, एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र), 100 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, सोलर पॅनल. यंत्रं जवळपास सगळी नीट चालली. त्रास झाला तो बहुतेक कावळे, घारी, कुरव आणि पाण्याखाली चिकटणाऱ्या बार्नॅकल या कवचधारी जीवांमुळे. म्हणून वायरिंगचा आराखडा काढतानाच पक्षी कुठे बसतील हेही ठरवा.

सगळ्यात जास्त फटका सोलरला. एकच 100 वॅटचं पॅनल घेतलं तर त्यात 36 सेल ओळीने जोडलेले असतात आणि बहुधा दोन बायपास डायोड: प्रत्येक डायोड अर्ध्या सेलना जोडलेला, तो भाग अडला की करंट बाजूने वळवतो. विष्ठेचा जाड थर एका सेलवर वाळला की त्या अर्ध्या भागातून पुरेसा करंट जात नाही. डायोडने तो अर्धा भाग वगळला, तर उरलेल्या अर्ध्याचे साधारण 9 व्होल्ट मिळतात, आणि 13 व्होल्टच्या बॅटरीला ते चार्ज करू शकत नाहीत. पॅनल 95 टक्के स्वच्छ दिसतं, चार्जिंग मात्र जवळपास बंद. उपाय म्हणजे 50 वॅटची दोन पॅनल सिरीजमध्ये जोडून एमपीपीटी कंट्रोलरला (पॅनलचं जास्त व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजला उतरवून चार्ज करणारं यंत्र) देणं. कंट्रोलर निदान 75 व्होल्टचा हवा, कारण थंड सकाळी विनालोड व्होल्टेज 45 च्या आसपास जातं. मग एक सेल झाकला गेला तरी तीन चतुर्थांश काम चालू राहतं. हा बदल खर्चाच्या मानाने फार मोलाचा आहे.

विजेच्या खर्चाचा हिशोब: प्लॉटर 1 अँपिअर, व्हीएचएफ नुसतं ऐकताना 0.4, बाकी यंत्रं मिळून 0.6. म्हणजे आठ तासांच्या फेरीला 16 अँपिअर-तास. स्वच्छ उन्हात 100 वॅटचं पॅनल दिवसाला 25 ते 30 अँपिअर-तास देतं.

पॅनलच्या वर, 10 सेंटिमीटर उंचीवर, 15-15 सेंटिमीटर अंतराने तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) ताणून बांधला. पायाला दोरा लागला की पक्षी टेकत नाही, आणि इतक्या बारीक दोऱ्याची सावली पडून नुकसान होत नाही. बूमवरही (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्यावर) तसेच दोन दोरे. तंगूस उन्हात सैल पडतो आणि सैल दोऱ्यात पक्ष्याचा पाय अडकतो, म्हणून दर महिन्याला ताण बघाच. प्लास्टिकचं घुबड आठवडाभर चाललं, मग कावळे सरावले. चमकत्या पट्ट्या वारा असेपर्यंतच.

डोलकाठीच्या टोकावर घार किंवा कुरव बसली की वाऱ्याच्या यंत्राची पट्टी वाकते आणि दिशा 10-15 अंशांनी चुकते. तिथे पॉलिकार्बोनेटचे काटे लावा. स्टीलचे काटे अँटेनाच्या बुंध्याजवळ नकोत, सिग्नलवर परिणाम होतो. अँटेनाची केबल आरजी-213 किंवा निदान आरजी-8एक्स घ्या. स्वस्त आरजी-58 घेतली तर 15 मीटरमध्ये जवळपास निम्मी शक्ती वाटेतच जाते. जोडावर स्वतःला चिकटणारी रबर टेप गुंडाळा आणि केबल आत शिरण्याआधी खाली एक वळण सोडा, म्हणजे पाणी तिथून थेंबाथेंबाने गळून जाईल.

वायर कथील लावलेलीच हवी. टोक सोलून बघा: आतली तार चंदेरी दिसली पाहिजे. साधं तांबं या खाऱ्या हवेत काळं पडतं आणि काळेपणा इन्सुलेशनच्या आत चढत जातो. मग नवीन टोक कापूनही चमकदार तांबं हाती लागत नाही. एनएमईए 2000 च्या (बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या) जाळ्यात वीज बंद करून दोन डेटा तारांमधला रोध मोजा: 60 ओहम बरोबर. 120 आला तर एका टोकाचा टर्मिनेटर (जाळ्याच्या दोन्ही टोकांना लावायचा 120 ओहमचा रोध) नाही किंवा सैल आहे.

पाण्याखाली वेगळीच लढाई. वेगाच्या सेन्सरचं चाक काही आठवड्यांत बार्नॅकलने जाम होतं. बोट उभी असताना आतून सेन्सर काढून बुच घाला, निघताना परत बसवा. अदलाबदलीच्या क्षणी थोडं पाणी आत येतं, फडकं जवळ ठेवा. साउंडरच्या प्लास्टिक तोंडाला पाण्यावर आधारित अँटिफाउलिंगच (बार्नॅकल चिकटू न देणारा रंग) लावा, थिनरवाल्या रंगाने प्लास्टिक खराब होतं. बंदराचा तळ मऊ गाळाचा: 200 किलोहर्ट्झ गाळाचा वरचा थर दाखवतं, 50 किलोहर्ट्झ खालचा घट्ट. उथळात 200 वरच विश्वास ठेवा.

जूनआधी बोट वर ओढल्यावर बूमचं उघडं टोक जाळीने बंद करा, नाहीतर साळुंक्या घरटं करतात. उंदीर आधाराच्या लाकडांवरून चढतात आणि बॅटरीपासून निघणाऱ्या तारा कुरतडतात. केबल जाणारं प्रत्येक भोक स्टीलच्या लोकरीने बुजवा. ही लोकर ओलाव्याने गंजते, म्हणून पाण्यात उतरवण्याआधी आठवणीने काढा.