चीनमधला नाताळ: घरीच, हाँगकाँगला की मकावला?

चीनमध्ये राहून नाताळ कुठे करायचा हे ठरवताना सजावटीचा विचार सगळ्यात शेवटी करा. झाड, चांदण्या, माळा, लाल टोप्या इथे हव्या तेवढ्या मिळतात. जगभरच्या नाताळ सजावटीचा मोठा वाटा झेजियांग प्रांतातल्या यीवू शहरातून जातो आणि ताओबाओ या ऑनलाइन बाजारावर मागवलं की दोन-चार दिवसांत सगळं दारात येतं. शांघायच्या मोठ्या मॉलमध्ये डिसेंबरभर झाड उभं असतं. तरुण मंडळी २४ तारखेला जोडीनं जेवायला बाहेर पडतात, रंगीत खोक्यात घातलेलं सफरचंद एकमेकांना देतात. सगळीकडे असंच असेल असं मात्र नाही. २०१८ मध्ये हबेई प्रांतातल्या लांगफांग शहरानं रस्त्यावरची आणि दुकानांतली नाताळची सजावट उतरवायला लावली होती.

वसई, गोवा, अहमदनगर कुठूनही आलेल्या माणसाला इथे खऱ्या अर्थानं कमी पडतात त्या गोष्टी तीन: सुट्टी, मिस्सा किंवा उपासना, आणि घरच्यांशी बोलणं. यातलं काय सोडवत नाही ते आधी ठरवा, जागा आपोआप ठरेल.

सुट्टी

मुख्य भूमीवर, म्हणजे हाँगकाँग आणि मकाव सोडून बाकीच्या चीनमध्ये, २५ डिसेंबर हा कामाचा दिवस आहे. ऑफिसं, बँका, सरकारी शाळा चालू असतात, आणि विद्यापीठांत तर तेव्हा सत्राअखेरच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. मुलांची इंटरनॅशनल शाळा बंद असली तरी आईवडिलांना रजा टाकावीच लागते. चिनी कायद्यानं एक ते दहा वर्षं नोकरी झालेल्याला वर्षाला पाचच दिवसांची पगारी रजा मिळते. कंपनी जास्त देत असेल तर उत्तम, नाहीतर त्या पाचांतले दोन इथे गेले की चैन संपली.

हाँगकाँगमध्ये २५ तारीख आणि तिच्या पाठचा कामाचा दिवस अशा दोन सुट्ट्या असतात. मकावमध्ये २४ आणि २५, शिवाय वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाचा सण (हिवाळी अयनदिन) आणि २० डिसेंबर. पोर्तुगालनं १९९९ मध्ये त्याच तारखेला मकाव चीनला परत केलं. गोवामुक्तीचा दिवस १९ डिसेंबरचा, म्हणून गोव्याच्या माणसाला ही तारीख सहज लक्षात राहते. तुमची रजा मुख्य भूमीच्या हिशेबानंच कापली जाणार, पण जिथे अख्खं शहर सुट्टीवर आहे तिथे सण अंगाला लागतो. यंदा (२०२६) २५ तारीख शुक्रवारी येते, त्यामुळे एक-दोन रजांत लांब शनिवार-रविवार जमतो.

मिस्सा आणि उपासना

मुख्य भूमीवर चर्च आहेत आणि सुंदर आहेत. शांघायचं शूज्याह्वेई कॅथेड्रल १९१० मध्ये बांधून झालं. ग्वांगझोऊचं सेक्रेड हार्ट कॅथेड्रल १८६३ ते १८८८ या काळात संपूर्ण ग्रॅनाइटमध्ये उभं राहिलं. तिथे इंग्रजीतही मिस्सा होते आणि आफ्रिकेपासून फिलिपिन्सपर्यंतचे लोक बाकांवर शेजारी बसलेले दिसतात. मात्र नाताळच्या आदल्या रात्री मोठ्या चर्चबाहेर हौशी बघ्यांची एवढी गर्दी लोटते की पोलीस कठडे लावतात, काही ठिकाणी आधी पासही घ्यावा लागतो. चर्चच्या वीचॅट (चीनमधलं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप) पानावर आठवडाभर आधी वेळ आणि प्रवेशाची पद्धत बघून ठेवा, पासपोर्ट जवळ ठेवा.

परदेशी लोकांच्या धार्मिक कार्यक्रमांचे नियम मे २०२५ पासून अधिक तपशीलवार झाले आहेत. सामूहिक प्रार्थना नोंदणीकृत किंवा परवानगी मिळालेल्या जागीच करायची, आणि चिनी नागरिकांमध्ये धर्मप्रचार करायचा नाही, हा त्यांचा गाभा. म्हणून आमच्याकडे शेजाऱ्यांना बोलावणं असतं ते जेवायचं. प्रार्थना आम्ही घरच्यांपुरती ठेवतो.

हाँगकाँगमध्ये ही काळजी मनातून जाते. चिम शा चुईचं रोझरी चर्च १९०५ चं आहे आणि तिथे इंग्रजी मिस्सा आहे. प्रोटेस्टंट कुटुंबांसाठी गार्डन रोडवरचं सेंट जॉन्स कॅथेड्रल आहे, तिथली इंग्रजी उपासना अहमदनगरच्या माणसालाही परकी वाटणार नाही.

तरी माझं मन मकावकडेच ओढ घेतं. सेनादो चौकात पायाखाली काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटा, समोर पिवळ्या भिंतींचं आणि हिरव्या दारांचं सेंट डॉमिनिक चर्च, गल्ल्यांच्या नावांच्या निळ्यापांढऱ्या फरशा. पणजीची पोर्तुगीज वळणाची जुनी वस्ती फोंताइन्यास पाहिलेल्याला इथे वाट विचारावी लागत नाही. इथला कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होता. संत फ्रान्सिस झेवियर १५५२ च्या डिसेंबरात ग्वांगदोंगच्या किनाऱ्यालगत शांगच्वान बेटावर वारले. त्यांचं शव जुन्या गोव्यात आहे, आणि दंडाचं एक हाड मकावच्या सेंट जोसेफ सेमिनरीच्या चर्चमध्ये. जुन्या गोव्याच्या फेस्ताला जाऊन आलेल्या आजीला व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं तर तिला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

घरच्यांशी बोलणं

नवीन आलेल्यांना या गोष्टीची कल्पनाच नसते. मुख्य भूमीवर व्हॉट्सअ‍ॅप बंद आणि भारतात २०२० पासून वीचॅट बंद, त्यामुळे सणाच्या दिवशी आई एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या. भारताचं किंवा हाँगकाँगचं सिम रोमिंगवर ठेवलं तर त्याच्या डेटावर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, तेवढा खर्च धरून ठेवा. हाँगकाँग आणि मकावमध्ये ही अडचणच नाही. वेळेचंही बघा. आपण भारतापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे गावची मध्यरात्रीची मिस्सा सुरू होते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे अडीच.

खाणं

इथे मात्र घर सगळ्यांवर मात करतं. सोरपोतेलला लागणारं डुकराचं मांस आणि काळीज मंडईतला खाटीक हसत कापून देतो, तांदळाचा पांढरा व्हिनेगर कोपऱ्यावरच्या दुकानात असतो. फक्त मिरची घरून आणावी, इथल्या मिरचीला तो रंग नाही. दोदोलसाठी गुळाऐवजी चिनी लाल साखरेच्या वड्या घ्या, नारळाचं दूध डब्यात मिळतं. पिठात मात्र गफलत होते. दुकानात हाताला लागतं ते बहुधा चिकट तांदळाचं पीठ. नुसतं तेच घातलं तर दोदोल दाताला चिकटतो, म्हणून निम्मं साधं तांदळाचं पीठ मिसळा आणि खोलगट चिनी कढईत मंद आचेवर कडा सुटेपर्यंत ढवळत राहा. भाड्याच्या घरांत ओव्हन सहसा नसतो, केक करायचा तर टेबलावरचा छोटा ओव्हन घ्यावा लागतो. कुळकुळ आणि करंज्यांना कशाचीच अडचण नाही.

मकावमध्ये बाकल्याव (खारवलेला कॉड मासा) मिळतं, हाँगकाँगमध्ये टर्कीपासून बिर्याणीपर्यंत सगळं मिळतं. पण वाटीभर दोदोल घेऊन शेजारच्या चिनी काकूंचं दार वाजवण्याची मजा हॉटेलात नाही.

व्हिसा आणि वाट

हाँगकाँग किंवा मकावला जाणं म्हणजे कागदोपत्री चीनमधून बाहेर पडणं. कामाचा रहिवासी परवाना असेल तर परत येता येतं. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल, जसा आईवडील भेटीला आले की पुष्कळदा असतो, तर त्यांना घेऊन जाऊ नका, परतीची वाट बंद होते. त्यांच्यासाठी ग्वांगझोऊचं कॅथेड्रल गाठणं शहाणपणाचं. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला आधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते, तिच्यावर एका खेपेला १४ दिवस राहता येतं. मकावला ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही.

ग्वांगझोऊहून वेगवान गाडी हाँगकाँगच्या पश्चिम कौलून स्टेशनला तासाभरात पोचवते. मकावसाठी झूहाई स्टेशनवर उतरून शेजारच्या गोंगबेई नाक्यावरून चालत सीमा ओलांडायची. शांघायहून दोन्हीकडे विमानच सोयीचं.

कुणी हार्बिनही सुचवेल. बर्फाचे महाल आणि सेंट सोफियाचा घुमट जरूर बघा, पण ते चर्च आता संग्रहालय आहे, थंडी उणे वीसच्या आसपास आणि रशियन परंपरेचा नाताळ ७ जानेवारीला. ती सहल म्हणून वेगळी करा.

पहिल्याच वर्षाला असलेल्या, परीक्षा डोक्यावर असलेल्या विद्यार्थ्यांनी घरीच करावा, चार जणांनी मिळून स्वयंपाक करावा. लहान मुलं असतील आणि परवाना बहुप्रवेशाचा असेल, तर एकदा तरी त्यांना मकावला न्या. हॉटेलं सणाच्या दिवसांत महागतात, त्यामुळे बरेच जण झूहाईत खोली घेतात. तसं करायचं तर गोंगबेई नाका रात्री एकला बंद होतो हे ध्यानात ठेवा. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर परतायला हेंगचिनचा नाका चोवीस तास उघडा असतो, मुक्काम त्या बाजूलाच धरा.